शिकागोच्या उंच इमारती: खालच्या चिकणमातीपासून वरच्या अँटेनापर्यंत

प्रश्न असा आला आहे: शिकागोतली सर्वात उंच इमारत कोणती, गगनचुंबी इमारत नेमकी तिथेच का जन्माला आली, आणि न्यूयॉर्क कधीच पुढे निघून गेलं तरी इंजिनिअर मंडळी अजून शिकागोचंच नाव का घेतात? विचारणारा मुलगा सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणून जरा खोलात शिरतो. पाया आणि स्ट्रक्चर या कामात माझी तीसेक वर्षं गेली, त्यातली बरीचशी शिकागोत.

पहिलं उत्तर एका ओळीचं आहे. विलिस टॉवर, ४४२ मीटर, १०८ मजले. गावातले लोक अजून त्याला सिअर्सच म्हणतात, २००९ साली नाव बदललं तरी. त्यामागे ट्रम्प टॉवर ४२३ मीटर, सेंट रेजिस ३६५, एऑन सेंटर ३४६ आणि जुनं जॉन हॅनकॉक ३४४. या यादीत एक गोम आहे, ती पुढे सांगतो.

आता खाली उतरू. पुण्यात खोदायला लागलं की दोन-तीन मीटरवर मुरूम, त्याखाली काळा पत्थर. मालक विचारतो, "पत्थर लागला का?" लागला म्हटलं की सगळे निवांत. शिकागोत पहिल्यांदा साइटवर उभा राहिलो तेव्हा ऑगर (माती पोखरणारा मोठा ड्रिल) वर आला आणि त्याच्या पात्यांवरून निळसर करड्या मातीचे लगदे ओघळले. एक गोळा हातात घेऊन अंगठा दाबला, तर तो फारसा जोर न लावता आत गेला. सोबतचा म्हातारा फोरमन हसला. वरचा थर थोडा घट्ट असतो, उन्हापावसाने वाळलेला. त्याखाली ही मऊ चिकणमाती, हिमनद्यांनी आणि जुन्या सरोवराने आणून टाकलेली. अगदी कठीण चुनखडी लागायला तीस मीटर किंवा त्याहून जास्त खाली जावं लागतं. अशा जमिनीवर उंच इमारतींचं शहर उभं राहिलं, हीच या गोष्टीतली खरी गंमत.

गाव मुळात इतकं सखल की १८५०च्या दशकात गटारं टाकायला उतारच मिळेना. मग त्यांनी रस्तेच उचलले. विटांच्या अख्ख्या इमारती, हॉटेलं, शेकडो स्क्रू-जॅक लावून हळूहळू वर घेतल्या, आणि आत गिऱ्हाईक राहतच होतं. पुढे रेल्वेच्या डब्यांमुळे प्रसिद्ध झालेला जॉर्ज पुलमन या उचलाउचलीच्या धंद्यात होता. त्यामुळे इमारत ही हलणारी, बसणारी, उचलता येणारी वस्तू आहे हे शिकागोच्या लोकांच्या अंगात आधीच मुरलेलं होतं.

१८७१च्या ऑक्टोबरात मोठी आग लागली. सुमारे ३०० माणसं गेली, १७ हजारांवर इमारती जळाल्या, लाखभर लोक बेघर झाले. आगीतून गगनचुंबी इमारत जन्मली असं सरसकट सांगतात, ते मला अर्धवट वाटतं. आगीनंतर लगेच जे बांधलं ते बरंचसं पूर्वीसारखंच चार-पाच मजली होतं. आगीने एक धडा मात्र दिला: उघडं लोखंड आगीत वितळतं, वाकतं. म्हणून लोखंडी कॉलम-बीमला भाजलेल्या मातीच्या पोकळ टाइल्सचं कवच घालायची पद्धत रुळली. उंचीकडे ढकललं ते जागेच्या भावाने. धंद्याचा भाग एका बाजूला सरोवर, दोन बाजूंना नदी आणि दक्षिणेला रेल्वेचे यार्ड यांच्यात कोंडलेला. आडवं पसरायला वाव नाही, आणि लिफ्ट आलेली. जिना चढावा लागत नाही म्हटल्यावर वरच्या मजल्याचं भाडं खालच्याइतकंच येऊ लागलं.

मग अडलं ते वजनाशी. दगड-विटांच्या भिंतीवर मजला चढवला की खालची भिंत जाड करावी लागते, ती जाड केली की वजन वाढतं, वजन वाढलं की ही मऊ माती बसते, म्हणजे दबून खचते. १८७३ सालीच फ्रेडरिक बाउमान या आर्किटेक्टने लिहून ठेवलं होतं की प्रत्येक कॉलमला वेगळं फूटिंग (पायाचा पसरट तळ) द्या आणि त्याचं क्षेत्रफळ त्यावर येणाऱ्या वजनाच्या प्रमाणात ठेवा, म्हणजे इमारत बसली तरी सगळीकडे सारखी बसेल. बसू नये ही अपेक्षाच नव्हती. हा व्यवहारीपणा मला फार आवडतो. पुढे आर्किटेक्ट जॉन रूटने माँटॉक ब्लॉक या दहा मजली इमारतीच्या कामात रेल्वेचे रूळ आडवे-उभे रचून काँक्रीटमध्ये पुरले. दगडाच्या फूटिंगचा उंच पिरॅमिड तळघर खाऊन टाकायचा, तेवढ्याच कामाला हा पसरट, पातळ रूळांचा थर पुरला. आज आपण ज्याला ग्रिलेज म्हणतो ते हेच.

पहिली गगनचुंबी इमारत कोणती, याचं सगळ्या क्विझमधलं उत्तर म्हणजे १८८५चं होम इन्शुरन्स बिल्डिंग. आर्किटेक्ट विल्यम ल बॅरन जेनी, दहा मजले, ४२ मीटर; १८९१ साली आणखी दोन मजले चढवले. आत लोखंडी सांगाडा, वरच्या मजल्यांत पोलादाचे बीम, जे तेव्हा नवीनच होते. पण भिंतींनी वजन घ्यायचं पूर्ण सोडलं नव्हतं, म्हणून "पहिली गगनचुंबी" यावर तज्ज्ञ अजून भांडतात. माझं मत विचाराल तर हा पहिलेपणाचा वाद वेळ घालवण्यापुरता बरा. त्या पंधरा वर्षांत एकाच गावातले दोन-तीन डझन लोक एकमेकांची कामं बघत, चोरत, सुधारत होते. शोध त्या गर्दीने लावला. १९३१ साली ती इमारत पाडली आणि तिथे फील्ड बिल्डिंग उभी राहिली.

मला विचाराल तर मोनॅडनॉक बघा. उत्तरेकडचा अर्धा भाग १८९१चा, बर्नहॅम आणि रूटचा, सोळा मजले, भिंतींवर उभा. तळाशी भिंत सहा फूट जाड. मी त्या भिंतीतल्या खिडकीच्या कोनाड्यात हात घातला, पूर्ण लांब केला, तरी काचेपर्यंत पोचायला खांदा आत घालावा लागला. एवढं वजन घेऊन ती बसणार हे ठाऊक होतंच. डिझाइनमध्ये आठ इंच धरले होते. १९०५पर्यंत त्याहून जास्त बसली आणि तळमजला नव्याने करावा लागला. १९४०च्या दशकाअखेर आकडा वीस इंचांवर गेला. दक्षिणेकडचा अर्धा भाग १८९३चा, होलाबर्ड आणि रोशचा, तो पोलादी सांगाड्यावर. मालक तेच, रस्ता तोच, मधे फक्त दोन वर्षं. भिंतींवर उभ्या राहणाऱ्या इमारतींचा शेवट आणि सांगाड्याची सुरुवात इथे एकमेकांना चिकटून उभी आहे.

सांगाड्याने वजन कमी केलं, तरी माती मातीच. अ‍ॅडलर आणि सलिव्हन यांच्या ऑडिटोरियम इमारतीचा (१८८९) मनोरा बाकी भागापेक्षा जड होता. अ‍ॅडलरने काय केलं, तर मनोरा पूर्ण व्हायच्या आधीच त्यावर कच्चं लोखंड आणि विटा रचून शेवटचं वजन आधीच टाकलं, म्हणजे बाकीची इमारत बसताना मनोराही तिच्याबरोबर बसेल. कल्पना झकास. नंतर मात्र डिझाइन बदलत गेलं, वजन वाढत गेलं आणि इमारत दोन फुटांहून जास्त खचली. आजही आतल्या फरशा काही ठिकाणी उतरत्या लागतात. लोडिंगचे आकडे डिझाइन मध्यावर असताना बदलणाऱ्या आर्किटेक्टला मी हीच गोष्ट सांगतो. उपयोग होतोच असं नाही.

हा तिढा सुटला १८९३-९४ला, स्टॉक एक्स्चेंजच्या कामावर. शेजारच्या इमारतीत वर्तमानपत्राची छपाईयंत्रं होती, पाइल (जमिनीत ठोकायचे खांब) ठोकले असते तर ती बिघडली असती. मग इंजिनिअर विल्यम सूय स्मिथने त्या बाजूला विहिरी खोदून काँक्रीट भरायचं सुचवलं. मजूर हाताने खोदत खाली जायचे, प्रत्येक टप्प्यावर लाकडी फळ्या गोल उभ्या करून आतून लोखंडी कडी आवळायची आणि पुन्हा पुढे खोदायचं. माती मऊ असली तरी पाणी फारसं सोडत नाही, म्हणून विहीर तेवढा वेळ उभी राहते. ज्या मातीने इतकं छळलं तिचाच हा गुण. यालाच पुढे "शिकागो केसॉन" म्हणू लागले. आपल्या विहिरी खणणाऱ्यांना हे तंत्र शिकवावं लागलं नसतं. त्यानंतर इमारत मातीवर तरंगायची थांबली आणि घट्ट थरावर, नाहीतर थेट खडकावर टेकू लागली. आज यंत्र खोदतं, फळ्यांऐवजी पोलादी केसिंग (विहिरीला आतून धरणारी नळी) असतं, पण तत्त्व तेच.

याच काळात उंचीची भीतीही वाढली होती. २१-२२ मजली मेसॉनिक टेंपल १८९२ साली उभं राहिलं आणि पुढच्याच वर्षी शहराने १३० फुटांची मर्यादा घातली. ती नंतर वर-खाली होत राहिली. १९२३च्या झोनिंग (जागावापराच्या) नियमांनी रस्त्यापासून मागे सरकवून उभारलेल्या मनोऱ्यांना वाट दिली, आणि तेव्हाच ट्रिब्यून टॉवर वगैरे मंडळी आली. ट्रिब्यूनच्या भिंतीत जगभरच्या वास्तूंचे दगड बसवले आहेत, त्यात ताजमहालाचाही एक तुकडा आहे. आपली माणसं तिथे हमखास फोटो काढतात. १९३० साली बोर्ड ऑफ ट्रेड, म्हणजे धान्याच्या सौद्यांच्या बाजाराची इमारत झाली, ६०५ फूट, माथ्यावर धान्यदेवता सेरेस. पुतळ्याला चेहरा नाही, कारण इतक्या उंचीवर जाऊन कोण बघणार, असा हिशेब सांगतात. मंदीनंतर वीसएक वर्षं शुकशुकाट. १९५५चं प्रुडेन्शियल ही त्यानंतरची पहिली मोठी इमारत.

मीस व्हॅन डर रोह या आर्किटेक्टबद्दल त्याचे व्यवसायबंधू खूप लिहितात, मी थोडक्यात उरकतो. १९५१चे लेक शोअर ड्राइव्हवरचे त्याचे दोन काच-पोलादी टॉवर बघितले की जगभरच्या ऑफिस इमारती कुठून आल्या ते कळतं. तो शिकवायचा तेही आयआयटीतच, पण ती आपली नव्हे. इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. या नावाने गावी कितीतरी गैरसमज होऊ दिले गेलेले मी पाहिले आहेत.

आता फझलुर खान. ढाक्यात १९२९ साली जन्म, काही काळ शिबपूरच्या बंगाल इंजिनिअरिंग कॉलेजात शिक्षण, मग फुलब्राइट शिष्यवृत्ती घेऊन इलिनॉय विद्यापीठात. १९५५ साली स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या फर्ममध्ये लागले. त्यांच्यापर्यंत उंच इमारत म्हणजे आत कॉलम-बीमचं जंगल आणि प्रत्येक सांधा ताठ करून वाऱ्याला तोंड द्यायचं. वजन मजल्यांच्या प्रमाणात वाढतं, पण वारा इमारतीला जमिनीत रोवलेल्या काठीसारखी वाकवतो आणि तो भार उंचीच्या वर्गाने वाढतो. म्हणजे साठाव्या मजल्यापुढे तुम्ही माणसांसाठी कमी आणि वाऱ्यासाठीच जास्त पोलाद विकत घेता. खानांनी कॉलम बाहेरच्या कडेला जवळजवळ आणले आणि अख्खी इमारत पोकळ नळीसारखी वागवली. बांबू पोकळ असूनही भक्कम असतो, तसं. ड्यूइट-चेस्टनट या १९६०च्या दशकातल्या ४३ मजली काँक्रीटच्या इमारतीत ते आधी करून बघितलं.

हॅनकॉकमध्ये (१९६९, १०० मजले) त्यांनी दर्शनी भिंतीवर अजस्र एक्स काढले. इमारत खाली रुंद, वर निमुळती. तिरपे बीम वाऱ्याचा जोर तर घेतातच, शिवाय एका कॉलमवर जास्त आलेलं वजन शेजाऱ्यांत वाटून टाकतात. पोलाद लागलं दर चौरस मीटरला सुमारे १४५ किलो. एम्पायर स्टेटला हाच आकडा दोनशेच्या वर. इथेच उत्तर आहे की इंजिनिअर शिकागोचं नाव का घेतात: न्यूयॉर्कमधल्या त्या इमारतीइतकंच भक्कम काम, जवळजवळ दोन-तृतीयांश लोखंडात.

मुळात माणसाला किती हललेलं सोसतं हेच तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. खानांनी शिकागोच्या विज्ञान-उद्योग संग्रहालयात वॉशिंग मशीनच्या प्रदर्शनातला एक फिरता चौथरा गाठला आणि त्यावर माणसं बसवून कधी जाणवतं ते पाहिलं. एका मित्राचा हॅनकॉकमध्ये सत्तरच्या पुढच्या मजल्यावर फ्लॅट होता. नोव्हेंबरातल्या एका वाऱ्याच्या रात्री तिथे झोपलो. भिंती बोटीसारख्या कुरकुरत होत्या, आणि कमोडमधलं पाणी संथपणे एका कडेकडून दुसरीकडे जात होतं. घड्याळ लावून मोजलं. मित्र म्हणाला, "झोप आता, पडायची असती तर पन्नास वर्षांत पडली असती."

पण हॅनकॉकनेही खालून एक फटका दिला होता. बांधकाम सुरू असताना एका केसॉनचं काँक्रीट आत तुटलेलं, त्यात पोकळी राहिल्याचं आढळलं. केसिंग वर काढताना ओलं काँक्रीट त्याला चिकटून वर उचललं जातं आणि खाली माती आत घुसते. मग सगळे केसॉन तपासले, काम महिनोन्महिने लांबलं. आमच्याही एका साइटवर, गाव आणि कंपनी सांगत नाही, सुपरवायझरने शुक्रवारी घरी लवकर जायचं म्हणून केसिंग भरभर ओढायला लावलं. सोमवारी काँक्रीटची पातळी आणि ओतलेल्या गाड्यांचा हिशेब जुळेना. कोअर (काँक्रीटचा उभा नमुना) काढला, मधे दीड वीत माती. तो केसॉन आम्ही पुन्हा केला, आणि तेव्हापासून मी केसिंग निघताना साइट सोडत नाही.

सिअर्सला (पोलाद माथ्यापर्यंत पोचलं ते मे १९७३ला) एकच नळी पुरेना. नळी फार रुंद झाली की कोपऱ्यातले कॉलम भार घेतात आणि मधले आळशासारखे उभे राहतात. पुस्तकात याला शिअर लॅग म्हणतात. खानांनी २३ मीटर बाजूच्या नऊ चौकोनी नळ्या एकत्र बांधल्या, म्हणजे आतल्या भिंती मधल्या कॉलमनाही कामाला लावतात. आर्किटेक्ट ब्रूस ग्रॅहमने मूठभर सिगारेटी हातात धरून काही वर, काही खाली सरकवल्या आणि आकार दाखवला, असं सांगतात. ५०, ६६ आणि ९० व्या मजल्यावर नळ्या टप्प्याटप्प्याने संपत जातात. वर पोचतात फक्त दोनच. खाली खडकापर्यंत गेलेले ११४ केसॉन. ज्या कंपनीसाठी हे सगळं केलं ती वीस वर्षांत उपनगरात निघून गेली, ही वेगळी गोष्ट.

त्याच काळातल्या स्टँडर्ड ऑइलच्या इमारतीची, आताच्या एऑनची, गोष्ट मटेरियल शिकवताना मी नेहमी सांगतो. स्ट्रक्चर उत्तम, पण अंगावर इटलीचा करारा संगमरवर मढवला, तोही जेमतेम सव्वा-दीड इंच जाडीचा. १९७३च्या नाताळात बांधकाम चालू असतानाच एक लादी निसटली आणि शेजारच्या प्रुडेन्शियलच्या छपरातून आत गेली. पुढे लाद्या ताटलीसारख्या बाहेर फुगायला लागल्या. संगमरवरातले कॅल्साइटचे स्फटिक तापले की एका दिशेला फुगतात, दुसरीकडे आकसतात. गार झाल्यावर कण पूर्वीच्या जागी नीट बसत नाहीत. शिकागोत उन्हाळा पस्तीसचा आणि हिवाळा उणे वीसचा. दरवर्षी थोडं थोडं सैल. शेवटी १९९०-९२ मध्ये सुमारे ४३ हजार लाद्या काढून पांढरा ग्रॅनाइट लावला, खर्च आठ कोटी डॉलरच्या आसपास. मकराण्याचा दगड टॉवरला लावायचा म्हणणारा क्लायंट आला की मी हाच फोटो पुढे ठेवतो.

आता ती गोम. १९९०च्या दशकात क्वालालंपूरच्या पेट्रोनासने सिअर्सचा 'जगातली सर्वात उंच इमारत' हा मुकुट घेतला तो शिखराच्या टोकांमुळे. शिखर वास्तूचा भाग म्हणून मोजतात, अँटेना मोजत नाहीत. सिअर्सच्या अँटेना ५२७ मीटरपर्यंत जातात, पण त्या हिशेबात नाहीत. २०१३ साली न्यूयॉर्कच्या वन वर्ल्ड ट्रेड सेंटरची सुई शिखर की अँटेना यावर निवाडा झाला, सुई शिखर ठरली आणि अमेरिकेतला पहिला नंबरही गेला. निवाडा करणारी संस्था शिकागोतलीच! नंतर सेंट्रल पार्क टॉवरचं छप्परच ४७२ मीटरवर गेलं, तेव्हा वाद संपला. हाच नियम घरीही लावा: ट्रम्प टॉवरच्या ४२३ मध्ये मोठी सुई आहे, छप्पर ३५७ वर. छपरानेच मोजलं तर सेंट रेजिस दुसरा.

त्या सेंट रेजिसमध्ये आर्किटेक्ट जीन गँगने ८३वा मजला जवळजवळ मोकळाच सोडला आहे, वारा आरपार जावा म्हणून, आणि वर पाण्याच्या टाक्या ठेवल्या आहेत. इमारत डावीकडे गेली की पाणी मागे राहून तिला आवरतं. हॅनकॉकच्या कमोडमध्ये मी जे मोजत बसलो होतो, तेच इथे कामाला लावलं आहे.

त्याहून उंच का नाही? जमीन अडवत नाही, पैसा अडवतो. दोन हजार फुटांचा पीळदार शिकागो स्पायर २००७ला सुरू झाला, पुढच्या वर्षी मंदीत थांबला. सरोवराकाठी वीसेक मीटर खोल गोल खड्डा वर्षानुवर्षं तसाच होता. आता तिथे बऱ्याच कमी उंचीच्या दोन टॉवरचा प्रकल्प आहे.

कधी गेलास तर जॅक्सन बुलेव्हार्डवर डिअरबॉर्नच्या कोपऱ्यापासून सुरू कर. तिथे मोनॅडनॉक. आधी डिअरबॉर्नने दक्षिणेकडे तिच्या कडेने चाल आणि भिंत कुठे पातळ होते ते शोध, मग मागे येऊन जॅक्सननेच पश्चिमेला वळ. वाटेत डाव्या हाताला बोर्ड ऑफ ट्रेड लागेल. तसाच पुढे गेलास की दहा मिनिटांत सिअर्सच्या पायथ्याशी पोचशील. वर जायचं तिकीट महाग आहे, रांगही मोठी असते. मी पाहुण्यांना खालूनच कोणती नळी कुठे संपते ते मोजायला लावतो.